३.४ प्रतींची साक्ष : डिजिटल जतन आणि ‘लॉक्स’ प्रणाली

पाठचिकित्सेत प्रती केवळ मोजायच्या नसतात, पारखायच्या असतात. एका सदोष पोथीवरून दहा नकला झाल्या, तर साक्षीदार दहा होत नाहीत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही नकलांतून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठीच. संगणकीय मजकुराच्या जतनातही हा प्रश्न उद्भवतो.

इलेक्ट्रॉनिक नियतकालिके आली तेव्हा ग्रंथालय वर्गणी भरत असे, पण अंक राहत असे प्रकाशकाच्या संगणकावर. वर्गणी थांबली किंवा प्रकाशन बंद पडले, की जुने अंकही हातचे जात. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये ‘लॉक्स’ या प्रणालीचे काम सुरू झाले. व्हिकी राइश या ग्रंथपाल आणि डेव्हिड रोझेन्थल हे अभियंते तिचे प्रवर्तक.

येथे प्रत्येक ग्रंथालय प्रकाशकाच्या अनुमतीने मूळ ठिकाणाहून स्वतःची प्रत मिळवते. दुसऱ्याची नक्कल घेत नाही. नंतर हे संगणक ठरावीक काळाने एकमेकांची साक्ष काढतात. मजकुरावरून गणिताने एक छोटी खूण तयार होते. एखादा काना बदलला तरी ती बदलते. बहुतेकांची खूण जुळली आणि एकाची वेगळी निघाली, तर त्या प्रतीची दुरुस्ती होते. कौल स्पष्ट नसेल, तर यंत्र निर्णय न घेता माणसाला सावध करते. ही तपासणी मुद्दाम संथ ठेवली आहे, म्हणजे एखाद्या घुसखोराला सर्व प्रती झटपट बिघडवता येऊ नयेत.

प्रणाली मुक्तस्रोत असल्याने तिची संहिता कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येते. शंभर वर्षे टिकवायची वस्तू एकाच कंपनीच्या हाती सोपवणे धोक्याचे. कंपन्या त्याआधीच बंद पडतात. तरीही सर्वत्र एकच संहिता चालत असेल, तर तिच्यातील दोषही सर्वत्र एकच असतो, हे विसरू नये.

शिवाय प्रत अक्षत राहिली म्हणजे ती वाचता येईलच असे नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेली मराठी फाइल आज उघडून पाहा : मूळ फाँट नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मजकूर जसाच्या तसा असतो. हरवलेली असते ती त्याची किल्ली.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या ग्रंथालयातील जुनी मराठी संगणकीय फाइल मिळवा. ती वाचण्यासाठी कोणता फाँट आणि कोणती आज्ञावली लागते, याची नोंद करा.