कपाटामागचा राउटर

छत्तीसगडमधल्या उतईतल्या एका संस्थेचं नेटवर्क मी सांभाळायचो. तिथे तीन आठवडे मी एकच वाक्य ऐकलं, "नेटवर्क तो आपका ही खराब है." म्हणणारे हिशेब विभागाचे बडे बाबू. सकाळी दहानंतर चार-दोन कॉम्प्युटर अडायचे, बाकीचे सुरळीत. मी केबल बदलल्या, स्विच बदलला, लाइनवाल्यांशी भांडलो. बाबू दारात उभे राहून सगळ्यांदेखत तेच ऐकवायचे.

एका दुपारी अडलेल्या कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग चालवलं. गेटवे १९२.१६८.०.१. आमचे सगळे पत्ते १० ने सुरू होणारे! घरगुती राउटर बऱ्याचदा हाच पत्ता घेऊन येतात. मी तसाच बसून राहिलो. कुणीतरी भिंतीतल्या सॉकेटला स्वतःचा वाय-फाय राउटर जोडला होता, तोही वायर वॅनऐवजी लॅनमध्ये घालून. तो माझ्या सर्व्हरच्या आधी लोकांना पत्ते वाटत होता. रोज दहाला, बाबू आल्यावर.

एआरपीच्या यादीतून त्या गेटवेचा मॅक पत्ता काढला, स्विचच्या तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर दिसतो ते पाहिलं आणि वायर धरून चालत गेलो. हिशेब विभागातलं लोखंडी कपाट. मागे राउटर, पासवर्ड एक ते आठ. बाबू म्हणाले, "भतीजे ने लगा दिया, मोबाइल के लिए." बस. माफीचा शब्द नाही.

मोबाइलसाठीच होतं, मान्य. पण इतका सोपा पासवर्ड म्हणजे उघडं दारच. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून. चौकशी आधी तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची झाली. आमच्याकडे पोलीस आले असते तर भतीजाकडे नाही, माझ्याकडे आले असते.

असा चोरटा राउटर मोबाइलवरच्या वाय-फाय अॅनालायझरने शोधता येतो. सिग्नलचा आकडा उणे ८० वरून उणे ४० कडे सरकला की जवळ आलात. पण हवेत दिसणारं प्रत्येक नाव गुन्हेगार नसतं, शेजारच्या दुकानाचंही असतं. ते आपल्या वायरवर आहे का, हे स्विचच सांगतो. नाव लपवलं तरी लहरी लपत नाहीत. आपल्याच नावाचं पण अनोळखी मॅकचं वाय-फाय दिसलं तर त्याच दिवशी माग काढा. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंगची सोय असेल तर सुरू करा. परका राउटर जोडला तरी त्याला पत्ते वाटता येत नाहीत. पासवर्ड मजबूत ठेवा, रिकामे पोर्ट बंद ठेवा, हे तर आहेच.

आणि सापडला की आधी फोटो काढा, पोर्टचा क्रमांक लिहून दोघांच्या सह्या घ्या, मगच वायर उपटा. मी रागाच्या भरात आधी वायर उपटली. संस्थेच्या नोंदवहीत त्या तीन आठवड्यांपुढे 'तांत्रिक बिघाड' लिहिलंय, आणि जबाबदार म्हणून नाव माझं आहे.