हरण्या दिसतो केळीत, राहतो बांधावर

आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, हवेत गारवा आला आहे, आणि मृगबागेची रोपे दोन-अडीच महिन्यांची आहेत. हरण्या रोगाला याहून चांगला मुहूर्त लागत नाही. शहापूर, दापोरा, बहादरपूर, इच्छापूर, सगळीकडून एकच प्रश्न येतो आहे: "साहेब, पान पिवळे पडले, काय मारू?" बेसल डोस, ठिबकचे वेळापत्रक हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरे ठाऊक आहे, त्यावर आज लिहीत नाही. आज फक्त या 'काय मारू'चे उत्तर.

उत्तर असे की, केळीवर मारण्यासारखे काहीच नाही. हरण्या म्हणजे सीएमव्ही, काकडीवरचा मोझॅक विषाणू. १९१६ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा काकडीवरच ओळखला गेला, म्हणून नाव काकडीचे. पण बाराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो. केळी हे त्याचे घर नव्हे, वाटेतला मुक्काम आहे. कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळट पट्टे, पान अरुंद, कडा वर वळलेल्या आणि पुढे पोंगा कुजलेला, असे झाड दिसले की ते गेले. विषाणू पेशीच्या आत बसतो. त्याला मारणारे औषध जगात कोणत्याही दुकानात मिळत नाही. बुरशीनाशक, जिवाणूनाशक, टॉनिक, तीन बाटल्यांचे 'कॉम्बो', हा सगळा पैसा तापीत टाकण्यासारखा आहे.

मग विषाणू पसरवणारा मावा मारू, असे म्हणाल. इथेच बहुतेकांची गफलत होते. बागेत जाऊन पाने उलटून पाहा, रोगट केळीवरही मावा फारसा सापडत नाही. कारण विषाणू आणणारा मावा केळीवर संसार मांडत नाही. तो कपाशीवर, मिरचीवर, वेलांवर, तणावर वाढतो. तिथे मादी नराशिवायच पिल्ले घालते, आठवडा-दीड आठवड्यात ती पिल्लेही वितात. गर्दी झाली, रस कमी पडला की पंख असलेले मावे जन्मतात आणि वाऱ्यावर निघतात. केळीवर उतरतात, सोंड टोचून चव घेतात, नाही आवडली की पुढच्या झाडावर. विषाणू सोडायला ही चव पुरते, काही सेकंदांचे काम. तुमचे कीटकनाशक त्याला मारीपर्यंत तो आपले काम करून मोकळा झालेला असतो. म्हणून केळीवर दर चौथ्या दिवशी पंप चालवणाऱ्याची बाग वाचत नाही, आणि बांध साफ ठेवणाऱ्याची वाचते.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलपासून आपल्या जिल्ह्यापर्यंत हरण्याने बागा उपटायला लावल्या, ते आठवत असेल. त्या वर्षी एका बागेत गेलो. शेतकरी म्हणाला, रोपेच खराब आली. मी त्याला कडेकडेने चालायला लावले. एका बाजूच्या बांधाला लागून ओळीच्या ओळी पिवळ्या, आत जावे तसे रोगट झाड विरळ, पलीकडचा बांध हिरवागार. रोग रोपातून आला असता तर बागभर विखुरलेला दिसला असता. त्या पिवळ्या बाजूला घरच्या भाजीपुरते म्हणून चढवलेले गिलक्याचे वेल होते, खाली गुडघाभर केना. वेलांच्या शेंड्यांवर मावा, माव्यावर मुंग्यांची रांग. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकून लावतात. दोन किलो गिलक्यांसाठी त्याने एक बाग दिली.

ढालकिडे आणि क्रायसोपा हे माव्याचे वाघ. त्यांच्या अळ्या मावा खाऊनच मोठ्या होतात. केळीवर उगाच कडक औषध मारले की हे वाघ आधी मरतात. मावा बांधावरून पुन्हा येतो, वाघ मात्र इतक्या लवकर वाढत नाहीत.

आता ताक-गूळ-हिंग. दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगतो की, या फवारणीने हरण्या गेला. एकाची बाग मी ऑक्टोबरमध्ये पाहिली. नवी पाने खरेच स्वच्छ होती, आणि मालक गावभर कृती वाटत होता. मी फक्त म्हटले, थंडी पडू द्या. ऊन तापले की या रोगाची लक्षणे दबतात. विषाणू झाडातच असतो. डिसेंबरात तीच झाडे पुन्हा पट्टे दाखवू लागली, पुढे काहींचा घड खोडातच अडकला. मधल्या काळात त्या झाडांवरून मावा किती झाडांवर गेला असेल, ते तुम्हीच मोजा. ताक प्या, फवारू नका.

युरियाचेही तसेच. झाड पिवळे दिसले की मूठभर युरिया, ही सवय कधी सुटणार? जादा नत्राने पान लुसलुशीत होते आणि रस माव्याला पोषक होतो. कपाशीला ओतलेला युरियाही शेजारच्या केळीला भोवतो, कारण मावा वाढतो तो तिथेच. आणि एकीकडे पिशव्या विकत आणायच्या, दुसरीकडे काढणीनंतरची निरोगी खोडे नाल्यात टाकायची किंवा पेटवायची! केळीने जमिनीतून उचललेल्या पालाशातला बराचसा भाग त्याच खोडा-पानांत असतो. जाळली की नत्र हवेत जाते, राख पहिल्या पावसात वाहते. खोडांचे तुकडे करून सरीत पसरा. बुरशी, जिवाणू, गांडुळे ते तुम्हाला फुकट परत देतील. ही सूट फक्त निरोगी खोडांना.

रोगट झाडाला दयामाया नको. आधी त्या झाडावर आणि आजूबाजूला शिफारशीतले मावानाशक फवारा. फवारणीचा खरा उपयोग इथे आहे. मग झाड कंदासकट खणून काढा. नुसते कापले तर त्याच कंदातून रोगट पील येते. बागेबाहेर खड्ड्यात टाकून वर माती ओढा. बांधावर ढीग घालू नका. रोगट बागेतले कंद किंवा पील लागवडीला कोणाला देऊ नका, सख्ख्या भावालासुद्धा. तणाचे आणि वेलांचेही हेच: आधी फवारणी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढणी. नाहीतर वेल उपटताच पंखवाले मावे उडून थेट केळीवर येतात. केळीत काकडी, भोपळा, टरबूज, मिरची, टोमॅटो, चवळी आंतरपीक नकोच.

पाऊस थांबून ऊन तापेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक ओळ पायी फिरा, मजुरावर सोडू नका. शेजाऱ्याचा बांध घाण असेल तर भांडण न करता दोघे मिळून साफ करा. मावा खातेउतारा पाहून बसत नाही. ओळखण्याबाबत शंका असेल तर मोबाइलवर फोटो काढून दाखवा. पान तोडून पिशवीत घालून गावोगाव फिरवू नका, आणि कार्यालयातही आणू नका.