सोसायटीच्या आवारातले झाड तोडायला परवानगी लागते का?

जमीन खासगी असली, तरी झाडावर सोसायटीची मनमानी चालत नाही. अंधेरी असो वा मुलुंड, 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा तिथे लागू आहे. महापालिकेची लेखी परवानगी अनिवार्य. अर्ज विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे करायचा. तोडणे म्हणजे केवळ करवत चालवणे नव्हे. बुंध्याची साल गोलाकार सोलणे, मुळाशी विषारी द्रव्य ओतणे हेही कायद्याने तोडणेच. गाड्यांच्या जागेसाठी होणारा हा प्रकार सर्वांत घातक: झाड उभ्या उभ्या वाळते आणि कीड लागल्याचे सांगितले जाते. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायच्या असल्या, तरी आधी परवानगी घ्यावी.