पाण्यातील फिनॉल आणि सेंटिमीटरभर तंतू

पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्यास योग्य असतेच असे नाही. कोक तयार करण्याच्या भट्ट्या, तेलशुद्धीकरण, रेझिननिर्मिती अशा उद्योगांच्या सांडपाण्यातून फिनॉल जलप्रवाहात मिसळू शकते. असे पाणी निर्जंतुक करण्यासाठी त्यात क्लोरीन घातले की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि अत्यल्प प्रमाणातही पाण्याला औषधासारखा उग्र वास व चव आणतात. म्हणूनच पेयजलाच्या भारतीय मानकात फिनॉलवर्गीय संयुगांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम एवढी कडक आहे. दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम, असे हे प्रमाण होय.

एवढा सूक्ष्म अंश मोजावयाचा तर तो प्रथम पाण्यातून वेगळा काढून एकवटावा लागतो. फिनॉलच्या बाबतीत हे सोपे नाही. त्याच्या रेणूतील विद्युत्भाराची वाटणी पाण्याच्या रेणूप्रमाणेच असमान असते. अशा पदार्थांना ध्रुवीय म्हणतात आणि ते पाण्याची संगत सहजासहजी सोडीत नाहीत. रूढ पद्धतीत सुमारे लिटरभर नमुना डायक्लोरोमिथेनसारख्या विद्रावकाबरोबर पुनःपुन्हा घुसळतात. त्यात वेळ जातो. शिवाय त्या घातक विद्रावकाची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात यानुष पावलिशिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास यावर एक सुटसुटीत उपाय मांडला. सिलिकाच्या बारीक तंतूवर सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा पॉलिमरचा पातळ लेप द्यावयाचा आणि तो तंतू सुईच्या पोकळीत बसवावयाचा. काही मिलिलिटर नमुन्यात तंतू ठेवून पाणी ढवळले की प्रदूषकाचे रेणू लेपात शिरतात. सर्वच रेणू पाण्यातून निघतात असे नाही. परंतु समतोल साधल्यावर लेपातील अंश पाण्यातील प्रमाणाशी ठरावीक गुणोत्तरात असतो. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना करून मूळ प्रमाण काढता येते. नंतर सुई गॅस क्रोमॅटोग्राफच्या तप्त कक्षात नेली की उष्णतेने रेणू सुटतात. विद्रावक लागत नाही आणि तोच तंतू पुन्हा वापरता येतो.

येथे लेपाची निवड निर्णायक ठरते. बेंझीनसारख्या अध्रुवीय पदार्थांना सिलिकोन जातीचा लेप मानवतो. फिनॉलसाठी मात्र ध्रुवीय पॉलिॲक्रिलेट अधिक उपयुक्त ठरतो. नमुन्यात मीठ विरघळविले तर फिनॉलला पाण्यात राहणे अवघड जाते. नमुना आम्लधर्मी केला तर त्याचे विद्युत्भारित आयनांत रूपांतर होत नाही आणि ते लेपात सुलभतेने शिरते.

अर्थात तंतू नाजूक असतो, वापराने लेप झिजतो आणि गढूळ पाण्यातील इतर सेंद्रिय द्रव्ये मापनात अडथळा आणतात. तथापि तपासणी जितकी सुलभ, तितके अधिक नमुने वारंवार तपासता येतात आणि दूषित पाणी नळापर्यंत पोहोचण्यापूर्वीच इशारा मिळू शकतो. प्रदूषण उगमापाशी रोखण्याचे कर्तव्य मात्र कोणतेही उपकरण पार पाडू शकत नाही. ते उद्योगांनी आणि समाजानेच पार पाडावयाचे आहे.