बर्फ, फळी आणि पाय

सदाशिव पेठेत बर्फ भेटतो तो रसवंतीगृहात, गोणपाटात गुंडाळलेला. असे असता महाविद्यालयाच्या वार्षिकात स्कीवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यास नवल नाही. उत्तर सोपे आहे. हिवाळ्यात आपल्यापैकी काही जण गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळील सोलंग येथे स्की शिकण्यासाठी जातात. सिंहगड-राजगड पालथे घातलेले असल्यामुळे डोंगराची भीती त्यांना नसते, आणि नेमकी तीच अडचण ठरते.

मीही गेलो होतो. साहित्याच्या खोलीत फळ्या रांगेने उभ्या होत्या. शिक्षकांनी दिलेली आखूड जोडी मी हळूच परत ठेवली आणि माझ्या उंचीची, झगझगीत जोडी उचलली. चौथ्या दिवशी गुडघा पिरगळला व उरलेला अभ्यासक्रम मी खिडकीतून पाहिला. चूक सर्वस्वी माझी होती. ती नेमकी कोणती, हे परत आल्यावर शोधू लागलो. प्रस्तुत लेख हे त्या शोधाचे फळ होय.

फळी करते काय?

स्की म्हणजे टणक बुटाला अडकवायची लांब, अरुंद फळी. आत बहुधा लाकूड, त्यावर धातूचे किंवा काचतंतूंचे थर, तळाला गुळगुळीत प्लॅस्टिक आणि दोन्ही बाजूंना पोलादी कडा, अशी तिची सर्वसाधारण रचना असते.

तिचे पहिले काम वजन पसरविण्याचे. ६० किलो वजनाचा विद्यार्थी नुसत्या बुटांनी बर्फावर उभा आहे, असे समजू. एका बुटाचा तळ ३० सेंमी लांब व ९ सेंमी रुंद धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १११ ग्रॅम भार पडतो. तोच विद्यार्थी १५० सेंमी लांब व सरासरी ९ सेंमी रुंद फळ्यांवर उभा राहिला, तर हा भार २२ ग्रॅमवर येतो. फळ्या १७५ सेंमी लांब व १२ सेंमी रुंद असल्या, तर तो १४ ग्रॅमच राहतो. म्हणूनच बूट जिथे गुडघाभर रुततो, तिथे फळी वर राहते.

दुसरे काम वळण्याचे. उतारावर वेग आवरायचा तो मुख्यतः वळूनच. फळी कुशीवर कलली, की तिची पोलादी कड बर्फात रुतते आणि माणसाला वळणात धरून ठेवते. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात. तरंगण्यासाठी रुंदी हवी, कड धरण्यासाठी अरुंदपणा. सर्व गुण एका फळीत सामावत नाहीत, ते याच कारणाने.

फळीचे चार गुण

पहिला गुण लांबीचा. लांब फळी वेगात स्थिर राहते, पण वळवायला जड जाते. आखूड फळी चटकन वळते, पण वेग वाढला की थरथरते. नवशिक्याने फळी शेजारी उभी धरली असता तिचे टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तरबेज माणूस साधारण आपल्या उंचीएवढी घेतो.

दुसरा गुण रुंदीचा. फळी बुटाखाली सर्वांत अरुंद असते. त्या जागेला आपण कमर म्हणू. सुमारे ६५ ते ८० मिमी कमरेची फळी दाबून सपाट केलेल्या, कठीण बर्फासाठी चांगली, कारण ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लवकर कलते. ८० ते १०० मिमीची फळी सगळीकडे बेताने चालते. त्याहून रुंद फळी भुसभुशीत, खोल बर्फासाठी.

तिसरा गुण बाजूच्या वक्राचा. टोक व शेपटी रुंद आणि कमर अरुंद असल्यामुळे फळीच्या कडेला खोलगट वक्र येतो. हा वक्र ज्या वर्तुळाचा तुकडा असेल, त्याची त्रिज्या मीटरमध्ये सांगतात. त्रिज्या लहान, तर वळण लहान. १९९० पूर्वीच्या फळ्या जवळजवळ सरळ असत. त्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल वक्राची फळी आणली आणि पाहता पाहता सगळीकडे तोच आकार रूढ झाला.

चौथा गुण कमानीचा व लवचीकपणाचा. जुन्या पद्धतीची फळी जमिनीवर ठेवली तर मध्ये किंचित उचललेली दिसते. माणूस उभा राहिला की कमान दबते आणि दोन्ही टोके बर्फ घट्ट धरतात. याउलट काही फळ्यांची टोके आधीच वर वळलेली असतात. मऊ बर्फात ती बुडत नाहीत, मात्र कठीण बर्फावर टेकणारी कड आखूड होते. मऊ फळी नवशिक्याच्या चुका पोटात घालते. ताठ फळी तसे करीत नाही.

बर्फही एक नसतो

आपण सगळ्याला बर्फच म्हणतो, पण फळीला तो चार परींनी भेटतो. नुकताच पडलेला, पिठासारखा. यंत्राने दाबून सपाट केलेला. रात्रीच्या थंडीने काचेसारखा झालेला. आणि वसंतात सकाळी कठीण, तर दुपारी उन्हाने खडीसाखरेसारखा सुटलेला.

गुलमर्गलाच पाहा. खाली सुमारे २,६५० मीटरवर शिकाऊ लोकांचे सौम्य उतार आहेत. पाळणा-गाडीचा दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. तिथला पिठासारखा बर्फ जगभरच्या स्कीपटूंना ओढून आणतो. एकाच गावात, एकाच दिवशी, खाली अरुंद आखूड फळी शहाणपणाची आणि वर तीच माणसाला बुडविणारी. वर उतार दाबलेले नसतात आणि हिमलोटाचा धोका असतो, हे निराळेच.

खेळाडूंचेही असेच. काश्मीरचे आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम व जायंट स्लॅलम या दोन शर्यतींत उतरले आणि दुसरीत ४५ वे आले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुरुषांची स्लॅलमची फळी किमान १६५ सेंमी, तर जायंट स्लॅलमची किमान १९३ सेंमी व ३० मीटर त्रिज्येची असावी लागते. माणूस तोच, डोंगरही तोच. वळणे बदलली म्हणून फळी बदलली.

माणसाचा हिशेब

आता आपल्याकडे येऊ. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचे, कारण फळी वाकते ती वजनाने. ४८ किलोच्या विद्यार्थिनीला ८० किलोच्या मित्राची फळी दिली, तर ती फळी तिच्याखाली वाकणारच नाही, मग वळेल कशी? फळीवर ‘स्त्रियांसाठी’ असे लिहिलेले असते तेव्हा ती बहुधा हलकी व मऊ असते. हलक्या मुलानेही ती घ्यायला हरकत नाही. लाज वाटायचे कारण नाही.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र फळीची नसून बाइंडिंगची आहे. बाइंडिंग म्हणजे बूट फळीवर धरून ठेवणारी कळ. पडताना ती सुटली पाहिजे, एरवी सुटता कामा नये. ती किती घट्ट करायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून कोष्टकाने ठरवितात. नवशिक्याने ‘मला येते’ असे सांगितले, की कळ घट्ट बसते. पडताना फळी सुटत नाही आणि तिचा सारा पीळ नडगी व गुडघा यांवर येतो. सुटली तरी प्रत्येक वेळी गुडघा वाचेलच असे नाही, पण घट्ट कळ धोका निश्चित वाढविते.

माझी चूक इथेच होती. मी लांब, ताठ फळी घेतली आणि ‘याआधी स्की केली आहे का?’ या प्रश्नाला मित्रांदेखत ‘थोडीफार’ असे उत्तर दिले. पहिली चूक हौसेची होती, दुसरी मात्र सरळ खोटेपणाची. परीक्षेत खोटे खपून जाते, असे काहींचे मत आहे. उतारावर ते खपत नाही.

तेव्हा पुढील हिवाळ्यात जाणाऱ्यांनी ‘चांगली फळी कोणती?’ असे विचारू नये. ‘मी कोण, आज बर्फ कसा आहे आणि मला किती वेगाने जायचे आहे?’ हे आधी स्वतःला विचारावे आणि खरे उत्तर शिक्षकांना सांगावे. मग ते देतील ती जोडी मुकाट्याने घ्यावी. मीही पुन्हा जाणार आहे. उत्तर पाठ केले आहे : वजन ६० किलो, उंची १७० सेंमी, नवशिका.