एक व्होल्ट आणि बाकीचं जग

टचस्क्रीनखालच्या इलेक्ट्रोडची मॉडेलं करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आकृती काढायला मजा येते, मेश रंगवून बघायला त्याहून जास्त. कस लागतो तो कुठल्या इलेक्ट्रोडला कुठली अट लावायची हे ठरवताना.

१. ग्राउंड हा उपचार नव्हे. कॉलेजात तो सर्किटच्या तळाशी काढायच्या तीन रेघांपुरता होता. पण कुठेतरी शून्य ठरवल्याशिवाय बाकीच्या व्होल्टेजना अर्थच नसतो. सगळीकडे दहा व्होल्ट मिळवले तरी विद्युतक्षेत्र तेच राहतं, मग सॉल्व्हरने कुठलं उत्तर निवडावं? त्यात इलेक्ट्रोडवर नुसता चार्ज ठेवला आणि भोवतालच्या पेटीच्या सगळ्या भिंती चार्जविना सोडल्या, तर उत्तर मुळात अस्तित्वातच नसतं. चार्जपासून निघालेल्या रेषांना कुठेतरी जाऊन टेकावं लागतं. सॉफ्टवेअर रुसलंय असं मला वाटत असतं, तेव्हा खरं तर गाऊसचा नियम आपलं म्हणणं मांडत असतो.

२. व्होल्टेज आणि चार्ज यांतलं एकच सांगता येतं; दुसरं विचारायचं असतं. व्होल्टेज दिलं की चार्ज उत्तरात येतो, चार्ज दिला की व्होल्टेज. टर्मिनल, म्हणजे मॉडेलमधला इलेक्ट्रोड, सर्किटला जोडलं तर दोन्ही सर्किटच्या हाती. आम्ही बहुतेकदा १ व्होल्ट देतो, कारण मग चार्जचा आकडा हाच कपॅसिटन्सचा आकडा. सगळं आपणच सांगून टाकायची माझी सवय इथे चालत नाही. घरीही फारशी चालत नाही म्हणा.

३. कुठलीच अट न लावलेला धातू बरोबर धातूच्या उलट वागतो. हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसलो. धातूच्या आत क्षेत्र नसतं, म्हणून तो भाग आपण मॉडेलमधून वगळतो. उरलेल्या पृष्ठभागाला काहीच नेमलं नाही, तर कॉमसॉल हे आमचं सॉफ्टवेअर तिथे मुकाट्याने ‘शून्य चार्ज’ धरतं. मग क्षेत्ररेषा नदीतल्या दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारख्या त्याला घासून निघून जातात. खऱ्या धातूवर त्या काटकोनात येऊन टेकतात. वाईट हे की चित्र दोन्ही वेळा तितकंच देखणं दिसतं. कुणालाच न जोडलेल्या स्क्रूसाठी फ्लोटिंग पोटेन्शियल लागतं: एकूण चार्ज शून्य, पण एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण. व्होल्टेज सगळीकडे सारखं, मात्र ते किती हे स्क्रूने सांगायचं, आपण नाही. आणि दोन वेगळ्या पट्ट्या एकाच टर्मिनलमध्ये निवडल्या, तर त्यांच्यामध्ये न काढलेली तार आहे असं धरलं जातं.

४. उणे कपॅसिटन्स बघून घाबरायचं नाही. एका टर्मिनलला १ व्होल्ट, बाकीच्यांना शून्य, अशी पाळी फिरवत गेलं की मॅट्रिक्स तयार होतं. शेजाऱ्यावर उलट चार्ज जमतो, म्हणून कर्णाबाहेरचे आकडे ऋण. मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात हा हिशेब मांडून ठेवलाय. सर्किटवाल्यांना हे ऋण आकडे देताना मात्र चिन्ह बदलून द्यावेत, नाहीतर लगेच फोन येतो.

५. पेटीची भिंत हीसुद्धा अटच. एक सेंटिमीटर बाजूच्या दोन चौकोनी पट्ट्या, मध्ये एक मिलिमीटर हवा: सूत्राने ०.८८५ पिकोफॅरड. मॉडेल त्याहून जास्त सांगतं, कारण कडेने बाहेर फुगणाऱ्या रेषा सूत्रात नाहीत. भिंत फार जवळ असली तर त्या रेषा तिच्यामुळे बिघडतात, म्हणून पेटी दुप्पट मोठी करून आकडा हलतो का ते बघायचं.

६. बोट कशाला जोडायचं, हा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा खोल निघाला. माणूस जमिनीला तारेने जोडलेला नसतो. पण शरीर आणि जमीन यांच्यात साधारण १०० पिकोफॅरड असतात, आणि बोट व इलेक्ट्रोड यांच्यात फार तर एखाद-दोन. एकसरीत जोडलेल्या या दोघांत लहानच वरचढ ठरतो, म्हणून बोटाला सरळ ग्राउंड म्हटलं तरी फारसं बिघडत नाही. अडतं ते फोनपाशी. मॉडेलमध्ये ज्याला आपण ऐटीत शून्य म्हणतो, ते फोनचं स्वतःचं ग्राउंड असतं, जमीन नव्हे. फोन हातात असला तर अंगामार्फत बोट आणि ते ग्राउंड घट्ट जोडले जातात. तोच लाकडी टेबलावर पडलेला असला तर हा दुवा अगदी क्षीण होतो, आणि स्पर्शाचा संकेत दुबळा. तेव्हा जमीन वेगळी, फोनचं ग्राउंड वेगळं, आणि बोटाला फ्लोटिंग ठेवून जमिनीशी एक कपॅसिटर जोडायचा. हातातल्या फोनचे आकडे नेहमीच गोड येतात, म्हणून टेबलावरचं मॉडेल मी आधी चालवतो.