ओरडा खाल्लेलं पिल्लू

बिट्टी आमच्याकडे आली तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. ‘घरभर घाण करते, काही केल्या सुधारत नाही’ म्हणून तिला आधीच्या घरातून काढलं होतं. तिला खाली नेलं की अंग चोरून उभी राहायची, एक थेंब नाही. वर आणलं आणि माझी पाठ वळली की सोफ्यामागे तळं. नंतर कळलं, त्या घरी शू केली की तिच्यावर ओरडत आणि तिचं नाक लादीवर घासत. माणसाच्या देखत शू करणं धोक्याचं असतं, एवढंच ती तिथे शिकली होती आणि पक्कं शिकली होती.

नाक घासायचा हा सल्ला आजही पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी देतंच. मला त्याची चीड येते. मार किंवा ओरडा नेमका कशासाठी मिळाला हे पिल्लाला उमगत नाही. माणूस मात्र लक्षात राहतो. ‘बघा, कसं तोंड पाडून बसलंय, चूक कळलीय त्याला,’ असं लोक म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं होतं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला होता की नव्हता, याचा त्या पडलेल्या तोंडाशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की ते तोंड दिसे, निरपराध कुत्र्याचंसुद्धा. म्हणजे आपल्याला जो पश्चात्ताप वाटतो, ती आपल्याला घाबरल्याची खूण असते.

बिट्टीची भीती घालवायलाच आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. लांब पट्टा घेतला. सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथे माती आणि गवत आहे, त्या एकाच कोपऱ्यात तिला रोज न्यायचं आणि तिच्याकडे न बघता गप्प उभं राहायचं. बोलायचं नाही, घाई करायची नाही. एका सकाळी ती बसली. तिचं पूर्ण होऊ दिलं, मग हलक्या आवाजात ‘शाब्बास’ आणि लगेच, तिथेच, उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. हे ‘तिथेच’ फार महत्त्वाचं आहे. वर येऊन खाऊ दिला तर पिल्लू त्याची सांगड शूशी घालत नाही, घरी येण्याशी घालतं. त्यामुळे खाऊ खिशात हवा, डब्यात नको. आणि शू झाली रे झाली की पिल्लाला ओढत घरी आणू नका. शू केली की फिरणं संपतं हे त्याला कळतं आणि ते शू धरून ठेवायला लागतं. काम झालं की चार पावलं जास्तच फिरवा.

वेळा सांभाळल्या तर निम्मं काम होतं. झोपेतून उठल्यावर, खाणं झाल्यावर थोड्या वेळाने, खेळून दमल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी न्यायचंच. ढोबळ हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, फार तर तितके तास ते दिवसा धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला सकाळी कोंडून संध्याकाळी घरी येणाऱ्याने लादी ओली झाल्याचा दोष पिल्लाला देऊ नये.

पिल्लाच्या लसी पूर्ण व्हायच्या असतील तर तेही बघावं लागतं. पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि पिल्लाच्या लसी साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. डॉक्टर परवानगी देईपर्यंत रस्त्याकडेची माती नको. तोवर गॅलरीत पसरट ट्रेमध्ये स्वच्छ माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवा. वर्तमानपत्र मला पटत नाही. पायाखाली जे लागतं त्याची पिल्लाला सवय होते. मग जमिनीवर पडलेला आजचा पेपरही त्याला शूची जागाच वाटते.

घरात झालंच तर? करताना दिसलं तर न ओरडता उचलून जागेवर न्या, उरलेली शू तिथे झाली की खाऊ द्या. नंतर दिसलं तर गुपचूप पुसा. फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, पिल्लाच्या नाही. शूचा उरलेला वास त्याला पुन्हा तिथेच आणतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम असलेला क्लीनर मिळतो, तो वापरा. अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर नको, कारण त्याचा वास लघवीसारखाच असतो.

बिट्टी आता दाराशी जाऊन माझ्याकडे बघते. मध्यंतरी मात्र ती पुन्हा घरात थेंब थेंब करायला लागली, तेव्हा मी थेट डॉक्टर गाठला. लघवीला जंतुसंसर्ग झाला होता, औषधाने थांबलं. शिकलेलं पिल्लू अचानक चुकायला लागलं, वारंवार बसून थोडीशीच शू करू लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं, तर आधी लघवी तपासून घ्या.